दोराला हात लावला, त्याला वाटा: शिडाच्या समर स्कूलच्या आयोजकांना खुलं पत्र

आयोजन समितीतील सर्वांना,
स.न.वि.वि.

हे पत्र मी तुम्हाला आधी इंग्रजीत पाठवलं होतं. एकदा सप्टेंबरात, एकदा नोव्हेंबरात. पहिल्याची पोच आली, दुसऱ्याची तीही नाही. म्हणून आता उघडच लिहितेय, आणि मराठीत लिहितेय. तुमच्यापैकी कुणालाही मराठी येत नाही, हे मला ठाऊक आहे. भाषांतर करून घ्या. पण तुमच्या शाळेचे फोटो बघून अर्ज भरायला बसलेली मुलं पुण्यात आहेत, नाशकात आहेत, डब्लिनच्या आणि आखेनच्या भाड्याच्या खोल्यांत आहेत. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात एक नवी ओळ आली आहे, ती त्यांना फी भरायच्या आधी कळायला हवी. पुढच्या उन्हाळ्यापासून प्रवेश फक्त युरोपीय संघाचा पासपोर्ट असणाऱ्यांना. कारण दिलंय, 'मागील प्रवासात उद्भवलेल्या व्हिसाच्या अडचणी'.

ती उद्भवलेली अडचण म्हणजे मी.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दहा दिवस, शिडाच्या तीन बोटी, प्रत्येकीवर आठ विद्यार्थी आणि एक स्किपर. क्रोएशियातल्या स्प्लिटहून निघायचं, बेटाबेटांना लागत दक्षिणेला जायचं आणि परत फिरायचं. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा युरोपच्या भवितव्यावर चर्चा करायची. दुपारी मायेस्त्राल सुटला की शिडं चढवायची. मायेस्त्राल म्हणजे तिथला उन्हाळी वारा. उन्हं तापली की समुद्रावरून येतो आणि संध्याकाळी गपगार. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे शिकलो, त्याच घरातला. तिकडे 'बुरा' नावाचाही एक वारा आहे, डोंगरावरून अंगावर कोसळणारा. मराठी माणसाला त्याचं नाव लक्षात ठेवायला कष्ट पडत नाहीत.

मी वेंगुर्ल्याची. आमच्या गावात सतराव्या शतकातल्या डच वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. आजोबा मचव्यावर तांडेल होते. मी गॉलवेत एम.एस्सी. करते. आयर्लंड 1973 पासून युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, नाही; क्रोएशिया आहे. त्यामुळे संघात दोन वर्षं राहून, भाडं भरून, कर भरून, संघाच्या भवितव्यावर बोलायला मला संघाचाच व्हिसा काढावा लागला. यात तुमचा दोष नाही. 90 युरो फी, 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेची स्टेटमेंटं आणि तुमचं निमंत्रणपत्र. त्या पत्रात प्रवासाचा मार्ग दिला होता: स्प्लिट ते स्प्लिट, सगळा क्रोएशियाच्या हद्दीत. वकिलातीने मार्ग बघून तेवढाच व्हिसा दिला. स्टिकरवर प्रवेशसंख्येच्या रकान्यात '01'.

निघायला बारा दिवस उरले असताना तुमची मेल आली. आनंदाची बातमी, मार्ग वाढवून माँटेनेग्रोतल्या कोटरपर्यंत नेला आहे! कल्पना उत्तमच होती. संघाच्या विस्तारावर बोलायचं तर दाराशी ताटकळलेल्या देशात जाऊन बोलावं, यात काय चूक? माँटेनेग्रो 2010 पासून उमेदवार आहे. संघात नाही तरी व्यवहार युरोत करतो. मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं, की माझा व्हिसा एका प्रवेशाचा आहे, क्रोएशियातून बाहेर पडले तर परत आत येता येणार नाही. तुमचं उत्तर दोन शब्दांचं होतं: 'सोय होईल.'

पुढचं लिहिण्याआधी बोटीवरचे दिवस कसे गेले ते सांगितलं पाहिजे, नाहीतर हे पत्र म्हणजे नुसती व्हिसाची रडकथा होईल.

पहिल्या दिवशी आमची स्किपर म्हणाली, बोटीवर माणसांच्या दोनच जाती असतात, उलटी झालेली आणि अजून न झालेली. दुपारपर्यंत सात जणांची जात ठरली. नॉर्वेचा मुलगा तेवढा कोरडा राहिला. तो बसल्याबसल्या दोराच्या गाठी शिकवायचा आणि वारा फिरायच्या आधी मान वळवून बघायचा. व्हिस बेटावर आम्ही डोंगरात कोरलेल्या पाणबुडीच्या बोगद्यापाशी बसून संरक्षणावर बोललो. युगोस्लाव्हियाच्या लष्कराने 1989 पर्यंत परदेशी माणसाला या बेटावर पाऊल ठेवू दिलं नव्हतं. तिथे बसल्यावर 'सामायिक संरक्षण' हा शब्द पुस्तकातल्यासारखा गुळगुळीत राहत नाही.

पण मला आठवतो तो कोर्चुला बेटाच्या पुढचा तास. सुकाणूवर बोस्नियातल्या साराजेवोचा मुलगा होता, शिडाच्या दोराला मी आणि क्रोएशियातल्या झाग्रेबची एक मुलगी. विषय निघाला पेल्येशात्सच्या पुलाचा. क्रोएशियाच्या किनारपट्टीला नेउमपाशी बोस्नियाचा छोटासा पट्टा मधोमध तोडतो; तो पट्टा टाळून देशाची दोन टोकं जोडायला हा पूल बांधला, 2022 च्या जुलैत खुला झाला. संघाने 35 कोटी 70 लाख युरो दिले आणि बांधला चिनी कंपनीने. झाग्रेबची मुलगी म्हणाली, संघ म्हणजे काय हे माझ्या आजीला या पुलाने कळलं, डुब्रोव्निकला जाताना आता तिला बसमध्ये पासपोर्ट काढावा लागत नाही. साराजेवोचा मुलगा सुकाणू न सोडता म्हणाला, "आणि आमच्याकडे वाद कशावर होता माहितीये? पुलाखालून आमची जहाजं जातील की नाही, यावर. शेवटी उंची ठेवली 55 मीटर. तुमच्यासाठी तो पूल आहे, आमच्यासाठी छप्पर." यावर दोघांचं कडाडून भांडण झालं. भांडता भांडता वाऱ्याकडे लक्ष राहिलं नाही, शीड फडफडायला लागलं, स्किपर ओरडली आणि तिघांनी मिळून दोर ओढला. तुमच्या अहवालात या तासाचा उल्लेख नाही, कारण तो वेळापत्रकात नव्हता. माझ्या मते दहा दिवसांतली सगळ्यांत चांगली चर्चा तीच होती.

तुमच्या नव्या ओळीने तो साराजेवोचा मुलगा बाहेर गेला. नॉर्वेचाही गेला, कारण नॉर्वे शेंगेनमध्ये असला तरी संघात नाही. इंग्लंडचा एक जण होता. 2016 मध्ये ब्रेक्झिटचं मतदान झालं तेव्हा तो बारा वर्षांचा, त्याला कुणी विचारलंही नव्हतं. आता तुम्हीही विचारणार नाही. स्कोप्येची मुलगी गेली. तिचा देश, उत्तर मॅसिडोनिया, 2005 पासून उमेदवार आहे, ग्रीसची हरकत मिटवायला त्यांनी 2019 मध्ये देशाचं नाव बदललं, त्यानंतर बल्गेरियाने अडवलं. युक्रेनमधल्या खार्किवची, तुर्कस्तानातल्या इझ्मिरची आणि मी. चोवीसांतले सात. यांतल्या बहुतेकांना क्रोएशियात यायला व्हिसा लागतच नाही! 'व्हिसाच्या अडचणी' हे कारण चुकीचं तर आहेच, शिवाय घाईत लिहिलेलं आहे. यादी समोर ठेवून कुणी पाच मिनिटं बसलं असतं तरी लक्षात आलं असतं.

आता त्सावतात, माँटेनेग्रोच्या सीमेजवळचं क्रोएशियातलं बंदर.

क्रोएशियातून बोटीने माँटेनेग्रोला जायचं तर आधी इथे किंवा डुब्रोव्निकला धक्क्याला लागून पोलिसांकडे कागद दाखवावे लागतात. चौकीतला अधिकारी तरुण होता, सभ्य होता. एकेक पासपोर्ट उघडून शिक्का मारत होता. माझा उघडला आणि थांबला. बोट त्या '01' वर ठेवून म्हणाला, "जाऊ शकता. पण परत येऊ शकत नाही." त्याचं काही चुकलं नाही. तुमचे समन्वयक त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलले, मग फोनवर आणखी कुणाशी तरी बोलले, मग माझ्याकडे वळून म्हणाले की वेळ फार झाला, बाकीच्यांचं नुकसान नको. क्रू लिस्टवर माझं नाव चौथं होतं. त्यावर निळ्या पेनाने रेघ मारली आणि शेजारी सही केली. पण खाडाखोड केलेली यादी बंदर कचेरीला चालेना, नवी करून आणा म्हणाले, आणि कचेरी तोवर जेवायच्या सुट्टीत बंद झालेली. अर्धा दिवस गेला तो असा. तुमच्या अहवालात मात्र वाक्य आहे, 'एका बिगर-युरोपीय सहभागीच्या अपुऱ्या कागदपत्रांमुळे अर्धा दिवस वाया गेला.' माझे कागद तुम्ही पाठवलेल्या मार्गाला पुरेसे होते. अपुरा पडला तो तुमचा मार्ग.

संध्याकाळी बोटी सुटल्या. घाईत माझी बॅग धक्क्यावर आली, पिवळं जॅकेट केबिनमध्येच राहिलं. रात्री घरी फोन केला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चेडवा, होडयेत चडाच्या आधी ईचारूक होया, खंय नेतत आणि परत हाडतत की नाय." मी म्हटलं, विचारलं होतं. लेखी विचारलं होतं.

दोन रात्री त्सावतातला काढल्या. खोली स्किपरने ओळखीत मिळवून दिली, त्याबद्दल तिचे आभार, समितीचे नाहीत. घरमालकीण म्हातारी होती, नातू इंग्रजीत सांगायचा. तिने मला ओट्यावर बसवून अंजिरं दिली आणि पूर्वेच्या डोंगराकडे हात केला. 1991 च्या ऑक्टोबरात युगोस्लाव्ह सैन्य आणि माँटेनेग्रोचे राखीव सैनिक त्याच बाजूने कोनाव्लेत, म्हणजे त्सावतातच्या आसपासच्या भागात, आले होते. घरं लुटली, जाळली. त्सावतात वर्षभर त्यांच्या ताब्यात होतं. डुब्रोव्निकवर तोफगोळे पडायचे त्यांचा आवाज या ओट्यावर यायचा. मी विचारलं, आता ते लोक संघात आले तर? ती बराच वेळ अंजीर सोलत राहिली. मग नातवाकडे बोट दाखवून म्हणाली, हा तिकडे हेर्त्सेग नोव्हीच्या हॉटेलात नोकरी करतो, शनिवारी घरी येतो, दर शनिवारी नाक्यावर दोन तास रांगेत असतो. ते संघात आले तर तो जेवायला वेळेवर येईल. थोड्या वेळाने आपणहूनच म्हणाली, "पण मी तिकडे जाणार नाही. बोलवलं तरी नाही."

त्याच संध्याकाळी कोटरला तुमची विस्तारावरची बैठक चालू होती. दुसऱ्या दिवशीची स्थलांतरावरची. ती तुम्ही म्ल्येत बेटावरून पुढे ढकलून कोटरला ठेवली होती, म्हणजे सीमेवर जी अडली तिला सोडून सीमेवर चर्चा झाली. हे मुद्दाम झालं असं मी म्हणत नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि मला जास्त लागलं ते हेच.

फीबद्दलही बोलायला हवं, थोडक्यात. कोटरचे तीन दिवस मी नव्हते, त्या दिवसांची फी परत मागितली. उत्तर नाही. खोलीचे आणि परत स्प्लिटला जायच्या बसचे पैसे माझे मी दिले. पावत्या पहिल्या पत्राला जोडल्या आहेत.

पहिल्या सकाळी तुम्ही आम्हाला एक मजकूर वाचायला दिला होता, आठवतं? व्हेंतोतेनेचा जाहीरनामा. मी तो तुम्हाला परत वाचायला सांगते. 1941 मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने एका बेटावर डांबलेल्या अल्तिएरो स्पिनेल्ली आणि एर्नेस्तो रोस्सी यांनी तो लिहिला. संयुक्त युरोपची कल्पना मांडणाऱ्या त्या दोघांना बेटाबाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती. मग तो मजकूर मुख्य भूमीवर नेला कुणी? तिथल्या कैद्यांना भेटायला येणाऱ्या बायकांनी. त्यांत उर्सुला हिर्शमान होती, नाझी जर्मनी सोडून निघालेली ज्यू बाई. आज ब्रुसेल्सच्या संसदेच्या इमारतीला स्पिनेल्लीचं नाव आहे. तुमच्या नव्या अटीची फूटपट्टी लावली तर या मंडळींपैकी कुणाचे कागद पुरेसे ठरले असते? आणि शेंगेनचा करार तर 14 जून 1985 रोजी मोझेल नदीत, बोटीवर सह्या होऊन झाला. शेंगेन आणि बोट यांचं वैर जुनं नाही, तुम्ही लावलंत.

डुब्रोव्निकला एक गोष्ट सांगतात. जुन्या रागुसा प्रजासत्ताकात 'युगो' वाहत असताना, म्हणजे दक्षिणेकडचा दमट, डोकं जड करणारा वारा सुटला असताना, मोठे निर्णय घेत नसत. समितीची ती बैठक कुठल्या वाऱ्यात झाली मला माहीत नाही, पण सहभागी झालेल्या चोवीसांपैकी एकालाही विचारलं नव्हतं, एवढं मी चौकशी करून सांगतेय. बाकीच्या तेवीसांना मी स्वतः विचारलं.

तुम्ही पगार घेत नाही, सुट्ट्या घालवून हे करता, याची जाणीव आहे. कोर्चुलाला पहाटे तीन वाजता नांगर सुटला तेव्हा तुमच्यातलीच एक जण अंधारात पाण्यात उतरली होती, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच आपली माणसं समजून मागतेय. मागण्या अशा:

पासपोर्टची अट मागे घ्या. अर्जाची मुदत संपायच्या आत घ्या. नंतर घेतलीत तर ती फक्त कागदावर राहील.

निमंत्रणपत्र पाठवल्यावर मार्ग बदलू नका. बदलायचाच असेल तर पत्रातच तशी शक्यता लिहा, म्हणजे व्हिसा मागतानाच दोन किंवा अधिक प्रवेशांचा मागता येतो. याला पैसे लागत नाहीत, एक वाक्य लागतं.

अहवालातलं माझ्याबद्दलचं वाक्य दुरुस्त करा. नाव नसलं तरी बोटीवरच्या सगळ्यांना ते कुणाबद्दल आहे हे कळतं, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत तो अहवाल मला जोडायचा आहे.

तीन दिवसांची फी परत करा. जमत नसेल तर पुढच्या वर्षी व्हिसा लागणाऱ्या कुणाच्या तरी व्हिसा-फीत ती घाला, मला चालेल. आणि मार्ग ठरवणाऱ्या बैठकीला आधीच्या वर्षीच्या दोघांना बसवा, त्यांतला एक तरी संघाबाहेरचा असू द्या.

आमच्या किनाऱ्यावर रापण लावतात. लांबच लांब जाळं होडीतून समुद्रात सोडून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि माणसांनी रांगेने ओढायचं. ओढायला वाटेने जाणाराही लागतो, पाहुणाही, शाळा बुडवलेली पोरंही. मासळी वाळूत आली की ज्याने दोराला हात लावला त्याला काही ना काही मिळतंच. लहानपणी मला दोन बांगडे मिळायचे. तुम्हाला ही रीत परकी वाटू नये. दहा दिवस तुमच्या बोटींवर तसंच चाललं होतं. त्या सातांचे हात पोळले होते, माझे अजून दिसतात.

उत्तराची वाट पाहते. या वेळी मेलवर नको, सगळ्यांना वाचता येईल असं द्या.

आपली,
दुसऱ्या बोटीच्या क्रू लिस्टवरचं चौथं नाव

ता.क.: पिवळं जॅकेट सापडलं असेल तर कृपया गॉलवेच्या पत्त्यावर पाठवा, टपालखर्च मी देईन. ते माझ्याशिवाय कोटरला जाऊन परत आलंय. त्याला कुणी काही विचारलं नाही.